ठाण्यातल्या सरकारी ओपीडीचा रिव्ह्यू (आणि फी लावा म्हणणाऱ्यांसाठी थोडंसं)

आईच्या शुगर-बीपीसाठी ठाण्यातल्या एका सरकारी हॉस्पिटलला दर महिन्याला जातो. डॉक्टरांना पाचपैकी पाच. मॅडमनी आईला चप्पल काढायला लावून पायाच्या बोटांच्या मधे बॅटरी मारून बघितलं, प्रायव्हेटला इतकी वर्षं गेलो पण तिथे कुणी पायाकडे बघितलंच नव्हतं. केस पेपर, तपासणी, ब्लड टेस्ट सगळं फ्री, राज्याच्या आरोग्य विभागाच्या हॉस्पिटलांमधे १५ ऑगस्ट २०२३ पासून पैसे घेत नाहीत (महापालिकेची हॉस्पिटलं त्यात येत नाहीत हां, तिथे आधी विचारून जा).

औषधाच्या खिडकीला मात्र दोनच स्टार. गोळ्या लिहून देतात महिन्याच्या, हातात पडतात दहा दिवसांच्या आणि एखादी तरी "बाहेरून घ्या" असतेच.

रांगेत यावरच विषय निघतो. बरेच जण म्हणतात वीस-तीस रुपये घ्या की, फुकट आहे म्हणून लोक सर्दी झाली तरी येऊन बसतात. मला हे अजिबात पटत नाही. सकाळी सातपासून रांगेत उभं राहायची हौस कुणाला असते? पुढे एक मावशी होत्या, वागळे इस्टेटच्या, चार घरची कामं करतात, खाडा झाला की पगार कापला जातो, वर रिक्षा आणि बाहेरच्या गोळ्या, म्हणजे फी त्या भरतायतच ना! अजून तीस रुपये लावले तर सर्दीवाला येईलच, ह्या मावशी यायच्या थांबतील, कारण शुगर काही दुखत नाही, अंगावर काढता येते.

बाहेरच्या देशांनी हे करून बघितलंय. जर्मनीने २००४ मधे डॉक्टरकडे जायला तिमाहीला १० युरो लावले आणि २०१३ पासून काढून टाकले. हंगेरीत तर २००८ मधे सार्वमत झालं, ८० टक्क्यांहून जास्त मतं फी नको म्हणून पडली.

फी घ्या म्हणणाऱ्या एका काकांना मी विचारलं, पैसे घेऊनही गोळ्या बाहेरूनच आणायला लावल्या तर? ते म्हणाले, मग कशाला द्यायचे, पूर्ण गोळ्या मिळाव्यात म्हणून तर म्हणतोय. म्हणजे लोकांना हवाय तो औषधाचा साठा, आणि तो भरायची जबाबदारी सरकारची आहे, आपण टॅक्स देतो की.

जाणार असाल तर जुने केस पेपर घेऊन जा, आणि गोळी नसेल तर चिठ्ठीवर "उपलब्ध नाही" असं लिहून मागा. आम्हाला दिलं लिहून.