नवी पेठेतलं नाण्यांचं दुकान: पक्ष्यांसाठी जा, अल्बम घेऊ नका

सोलापुरात नवी पेठेत कापडाच्या दुकानांमध्ये, जिन्याखाली हे दुकान आहे. दोन गिऱ्हाईकं उभी राहिली की भरलं. काचेखाली शिवराई, निजामाची नाणी, जुन्या नोटा. परदेशी नाणी हवी असतील तर तोंडानं मागावी लागतात. "काका, डबा काढा की ओ," म्हटलं की काउंटरखालून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा निघतो. त्यातलं कुठलंही नाणं तीस रुपये.

मी फक्त पक्षी-प्राणी छापलेली नाणी जमवते, म्हणून मला तो डबा. ऑस्ट्रेलियाचं लायरबर्डवालं दहा सेंट, प्लॅटिपसचं वीस सेंट, कॅनडाचा बीव्हर, दक्षिण आफ्रिकेच्या एका सेंटावरच्या दोन चिमण्या, सगळं तिथलंच. आपला २५ पैशांचा गेंडाही त्यात पडलेला असतो. तो मात्र घेऊ नका. २०११ ला चलनातून गेला असला तरी कुठल्याही घरच्या जुन्या डब्यात सापडतो.

आयर्लंडची पेनी काका वेगळी ठेवतात आणि दीडशे सांगतात. बिनतक्रार द्यावेत. पिल्लं घेऊन चाललेली कोंबडी इतकी जिवंत मी दुसऱ्या नाण्यावर पाहिली नाही. १९२८ ची ही मालिका शिल्पकार पर्सी मेटकाफ यांनी घडवली, निवड समितीचे अध्यक्ष होते कवी येट्स. ब्रिटिश राजाचं डोकं कुठंच नाही. एका बाजूला हार्प हे तंतुवाद्य, दुसऱ्या बाजूला कोंबडी, डुकरीण, ससा, बैल, घोडा. शेतकऱ्याचं गोठ्यासकट घरच.

भावात मात्र डोळे उघडे ठेवा. न्यूझीलंडच्या सहा पेन्सवर हुइया पक्षी आहे. १९०७ नंतर तो खात्रीनं कुणाला दिसलेला नाही. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर, दिसेनाशा होत चाललेल्या माळढोकाची वाट बघत उन्हात बसलेल्या माणसाला हे नाणं हवंसं वाटणारच, आणि काकांना ते चेहऱ्यावरून कळतं. "चांदीचं आहे ताई," म्हणून त्यांनी मला साडेआठशे सांगितले. नाणं १९५० चं! त्या नाण्यात निम्मी चांदी होती ती १९४६ पर्यंत. १९४७ पासून तांबं-निकेल. साल दाखवल्यावर काका हसले, अडीचशेला दिलं. अर्थात, साल न बघणाऱ्याला ते आजही साडेआठशेच सांगत असतील.

अल्बमचं काय ते स्पष्ट सांगते. काका जो मऊ, वास येणाऱ्या पानांचा अल्बम गळ्यात मारतात, तो पीव्हीसी प्लॅस्टिकचा. सोलापूरचा मे महिना, कपाटात कोंडलेली उष्णता. तांब्याच्या नाण्यांवर चिकट हिरवट थर चढतो आणि नंतर धातूच खाल्ला जातो. पुठ्ठ्याचे खिडकीवाले होल्डर पुण्याहून मागवा, नाहीतर निदान कागदी पाकिटं वापरा. आणि "चकचकीत करून देतो" म्हणत त्यांनी पॉलिशची बाटली उचलली तर हात धरा. घासलेल्या नाण्याची पिसंच पुसली जातात, किंमतही उतरते.

दुपारी दुकान बंद असतं, संध्याकाळी पाचनंतर जा. सुटे न्या, काका यूपीआय घेत नाहीत. आइसलंडची माशांची नाणी मी सांगून ठेवली आहेत. कॉड आला, खेकडा यायचाय. कुणाला डब्यात दिसला तर माझ्यासाठी बाजूला ठेवायला सांगा.