साताऱ्यात शिवलेला किल्ट आणि हावर्थची कोळशाची गाडी

मोती चौकाजवळच्या बोळात एक टेलर काका आहेत, शिवलेली नऊवारी म्हणजे त्यांची खासियत, लग्नसराईत पाय ठेवायला जागा नसते. त्यांच्याकडून मी किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा चुण्यांचा घागरा, शिवून घेतला आणि मे महिन्यात इंग्लंडला जाऊन दिवसभर घातला, त्याचा हा रिव्ह्यू.

कारण असं की ताई लीड्सला असते, दाजी स्कॉटलंडचे, आणि भाच्याला दहाव्या वाढदिवसाला किल्ट घालून हावर्थ गावाच्या वाफेच्या गाडीत बसायचं होतं. मामा तू पण घाल म्हणाला, विषय संपला. हावर्थ यॉर्कशायरमधे आहे, किल्ट तिथला पोशाख नाही, पण पोराच्या आजोबांचा आहे.

कापड दाजींनी पाठवलं, जाड लोकरीचं टार्टन म्हणजे चौकटीचं कापड, मोठ्या पन्ह्याचं चार वार. ते मधोमध उभं कापून जोडलं की आठ वार होतं. काका लगेच म्हणाले, "म्हणजे लुगड्यापेक्षा एकच वार कमी की." तिथंच मला भरवसा आला. खरी मेहनत मागच्या चुण्यांची असते, प्रत्येक चुणीवर चौकटीची तीच रेघ यायला पाहिजे, तरच मागून बघितल्यावर डिझाइन अखंड दिसतं, आणि कमरेकडे जाताना प्रत्येक चुणी थोडी थोडी निमुळती करत शिवायची. काकांनी दुकानातली खुर्ची बाहेर काढली, कापड जमिनीवर पसरलं, टाचण्या लावल्या, पहिल्या तीन चुण्या दोनदा उसवल्या कारण हिरवी रेघ सुताएवढी सरकत होती. सत्तावीस चुण्या झाल्या, एकही रेघ चुकलेली नाही. लांबीसाठी मला गुडघ्यावर बसवलं, कड जमिनीपासून बोटभर वर राहिली की उभं राहिल्यावर ती बरोबर वाटीवर येते. आता नावं ठेवायची जागा, आठ दिवस म्हणाले आणि एकवीस लागले, माझं विमान परवावर आलं होतं. आणि किल्टला पुढे एकावर एक दोन पदर असतात, त्यातल्या आतल्या पदराचा पट्टा डाव्या बाजूच्या चिरेतून बाहेर येतो, त्या चिरेला काजासारखा टाका घातलेला नव्हता.

गाडीबद्दल. कीथली ते ऑक्सनहोप, जेमतेम 8 किलोमीटर आणि सहा स्टेशनं. लाइन 1867 ची, सरकारी रेल्वेने 1962 मधे बंद केली, मग लोकांनी संस्था काढून 1968 मधे परत सुरू केली आणि आजही बहुतेक कामं स्वयंसेवकच करतात, आमचं तिकीट बघणारे आजोबा तर रिटायर्ड मास्तर होते. दिवसभराचा पास घ्या, कितीही वेळा चढाउतरायला येतं. खिडकी उघडी ठेवली की धुराचा तो कडवट वास आत येतो. माझी आजी पुणे-मिरज लाइन मीटरगेज होती तेव्हाचं सांगायची, डोळ्यात कोळशाचा कण गेला की पदराचं टोक ओलं करून काढायचं. ते आठवून मला भरून आलं. डॅमेम्स स्टेशन तर एवढं लहान की प्लॅटफॉर्मवर जेमतेम एक डबा मावतो.

बसताना दोन्ही हातांनी मागच्या चुण्या सपाट करून बसायचं, बायका निऱ्या सांभाळतात तसंच, मग उठल्यावर चुरगळलेलं दिसत नाही. किल्टची पिन फक्त वरच्या पदराला लावायची, दोन्ही पदरांतून टोचली तर बसताना ओढ बसून कापड फाटतं. ओकवर्थ स्टेशन सोडल्यावर डाव्या चिरेचे धागे निघायला लागले, ताईने पर्समधल्या सुईदोऱ्याने चार टाके मारले आणि ते संध्याकाळपर्यंत टिकले.

हावर्थ स्टेशन खाली आहे आणि गाव वर, फरसबंदी रस्ता आमच्या साताऱ्यातल्या चारभिंतीच्या चढासारखा दम काढतो. वारा जबर होता, पण आठ वार लोकरीचं वजन असतं, किल्ट जागचा हलला नाही. वर चर्चशेजारी इंग्रजी कादंबऱ्या लिहिणाऱ्या ब्रॉन्टी बहिणींचं घर, शार्लट, एमिली आणि ॲन. 1928 पासून तिथे म्युझियम आहे. ज्या टेबलाभोवती तिघी लिहायच्या आणि फेऱ्या मारत एकमेकींना वाचून दाखवायच्या ते टेबल तिथे आहे. लहानपणी या भावंडांनी काड्यापेटीएवढी पुस्तकं हाताने लिहिलेली, अक्षर मुंगीएवढं. भाचा काचेला नाक लावून दहा मिनिटं हलला नाही. पुरुषी वाटतील अशा नावांनी 1847 मधे तिघींच्या कादंबऱ्या आल्या, आणि पुढच्या दोन वर्षांत एमिली आणि ॲन दोघी गेल्या. त्या खोलीत आम्ही कोणी फार बोललो नाही. आपल्याकडे भिलारला लोकांच्या घरात बसून पुस्तकं वाचता येतात, मला तो मोकळेपणा जास्त आवडतो, पण लिहिणाऱ्याचं टेबल बघणं ही वेगळीच गोष्ट आहे.

परत आल्यावर किल्ट दोन दिवस गॅलरीत वाऱ्यावर टाकला, धुराचा वास गेला. धुवू नका, फक्त ड्राय क्लीन.

काकांना पाचपैकी साडेचार. चीर दाखवली तेव्हा त्यांनी चष्मा लावून बघितली, काही न बोलता काजाचा टाका घालून दिला आणि पैसे घेतले नाहीत. शिवायला टाकणार असाल तर निदान महिनाभर आधी टाका आणि चिरेचं आधीच सांगा. भाच्याचा किल्ट आता आखूड होतोय, पुढचा काकांकडेच.