आधी अभिप्राय की थेट प्रस्ताव?

ठाण्यात नौपाड्यासारख्या जुन्या भागातील सोसायटीला पुनर्विकासासाठी दोन वाटा दिसतात. पहिली, नगररचना विभागाकडून झोन दाखला (जमीन कोणत्या वापर-विभागात येते ते सांगणारा) व भाग नकाशा (विकास योजनेच्या नकाशातील त्या जागेचा उतारा), म्हणजेच अभिप्राय घेऊन, भूमी अभिलेख विभागाकडून जमिनीची मोजणी उरकून मगच नकाशे तयार करणे. दुसरी, वास्तुविशारदामार्फत एमआरटीपी कायद्याच्या (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम) कलम 44 खाली बांधकाम परवानगीसाठी थेट अर्ज दाखल करणे.

थेट अर्जाचे समर्थक कलम 45 मधील 60 दिवसांच्या मानीव परवानगीकडे, म्हणजे त्या मुदतीत निर्णय न कळवल्यास परवानगी मिळाली असे मानण्याच्या तरतुदीकडे, बोट दाखवतात. मात्र प्रस्ताव विकास योजनेशी व नियमावलीशी सुसंगत असेल तरच ती लागू होते, ही अट सोयीस्कररीत्या विसरली जाते.

आधीच्या अभिप्रायाचे खरे मोल रस्त्यात आहे. 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार दाट वस्तीबाहेर 9 मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावरील भूखंडाला प्रीमियम चटईक्षेत्र (शुल्क भरून मिळणारे जादा बांधकाम क्षेत्र) किंवा टीडीआर (दुसऱ्या जागेवरून हस्तांतरित होणारा विकास हक्क) वापरता येत नाही; हे बिल्डरशी करार झाल्यावर उमगले, तर सभासदांना कबूल केलेले वाढीव क्षेत्र कागदावरच राहते. रस्तारुंदीची रेषा कुंपणाच्या आतून जात असल्यास तेही भाग नकाशावर दिसते. अभिप्राय म्हणजे परवानगी नव्हे, हे खरे. तरीही ठाण्यात, आणि नवी मुंबईत तर अधिकच, जिथे सिडको या शासकीय नगरविकास महामंडळाच्या भाडेपट्ट्यामुळे सिडकोची ना-हरकतही लागते, थेट अर्जाची घाई मला अनाठायी वाटते.