चेंबरचं झाकण उघडायला पहार की आकडा?

मृगाच्या आत पार्किंगमधली पावसाळी गटाराची चेंबर एकदा उघडून बघायची, हे आमच्या अपार्टमेंटमध्ये 2021 च्या जुलैपासून ठरूनच गेलंय. झाकणं सहा. चार बीडाची, दोन आरसीसीची. बीडाचं तेवढं जड असा समज असेल तर सोडा. दोन फुटी गोल झाकण बीडाचं इंचभर जाडीचं घ्या नाहीतर काँक्रीटचं तीन इंची, दोन्ही 50 किलोच्या आसपासच भरतात. चौकोनी असेल तर 65. झाकणावर ‘एमडी 10’ असं उठवलेलं असतं ते मात्र वजन नव्हे, वरून जाणारा 10 टनांचा भार.

पहार घरोघरी असते, हा तिचा मोठा गुण. वर्षभर न हललेलं, गंजानं आणि वळवाच्या गाळानं बसलेलं झाकण सुटं करायला तिच्याइतकं दुसरं काही नाही. त्रास पुढं सुरू होतो. एकानं पहार दाबून धरायची, दुसऱ्यानं फटीत वीट सरकवायची, आणि तेवढ्यात पहार निसटली तर बोटं गेलीच म्हणायची. आमच्याकडं वीट फुटली, बोटं वाचली.

पण माझं मन फिरलं ते खडखडीनं. पहारेचं टोक नेमकं झाकण टेकतं त्या कडेवर घासतं. कडेचा टवका उडतो, खडे चौकटीच्या खाचेत पडतात. परत बसवताना झाकण ढकलूनच घालावं लागतं, त्यामुळं खालचे खडे तसेच राहतात. दुपारी बघितलं तर सगळं ठीक. रात्री कुणाची मोटरसायकल आली की खडाक्, गेली की खडाक्. तळमजल्यावरच्या आजी चौथ्या दिवशी म्हणाल्या, “अरं, रात्रभर ते झाकण बोलतंय बघ.” मी सायकलच्या ट्यूबचे तुकडे घालून पाहिले, आठवडाभर टिकले.

मग उद्यमनगरात आकडे करून घेतले. पहिला 10 मिमी सळईचा केला, तो पहिल्याच झाकणाला सरळ झाला. चूक माझीच, कारागीर जाड घ्या म्हणत होता. आता 16 मिमीची जोडी आहे, वर आडवी मूठ, उंची मांडीपर्यंत, म्हणजे कंबर मोडून वाकावं लागत नाही. झाकणाच्या भोकातली माती स्क्रू ड्रायव्हरनं काढायची, दोघांनी समोरासमोर आकडे अडकवायचे आणि झाकण इंचभर उचलून बाजूला ओढायचं. उभं करायचं नाही. चौकोनी झाकण तिरकं झालं की आत पडू शकतं. बसवायच्या आधी खाच पुसायची, ग्रीस फिरवायचं, झाकण सपाट उतरवायचं. माझ्याकडं तरी तेव्हापासून आवाज नाही. मोजमाप म्हणाल तर आजींची झोप.

आकडा सगळीकडं चालतोच असं नाही. आरसीसी झाकणाच्या कड्या गंजलेल्या असतील तर त्यांना अडकवू नका; कडी हातात येते आणि माणूस पाठीवर. अशा ठिकाणी पहारच बरी. चुंबकाचे उचलणारेही मिळतात, पण काँक्रीटला त्यांचा उपयोग शून्य आणि गाळ माखलेल्या बीडावर माझा तरी भरवसा नाही.

काहीही वापरा, उघडल्यावर थोडं लांब व्हा आणि आत कुणाला उतरवू नका. वास गेला म्हणजे हवा चांगली झाली असं नसतं. गटारातला हायड्रोजन सल्फाइड वायू वाढला की नाकच बधिर होतं.

आकडे आता मीटरच्या खोलीत टांगलेले असतात. पहार तालमीच्या पोरांनी गणपतीच्या मांडवाला नेली होती, ती अजून आलेली नाही. मीही मागायला गेलेलो नाही.