आल्प्समधलं जिओकॅशिंग: हँडहेल्ड जीपीएसचा आठ महिन्यांचा अनुभव

मार्चमध्ये बटणांचं, दोन एए सेलवर चालणारं साधं हँडहेल्ड जीपीएस घेतलं. मी म्युनिकला राहतो आणि सुट्टी मिळाली की जिओकॅश, म्हणजे इतरांनी लपवून ज्यांचा जीपीएस ठावठिकाणा इंटरनेटवर टाकलेला असतो ते छोटे डबे, शोधायला डोंगरात जातो. फोन असताना हे कशाला, असं घरचे विचारत होते. आता त्यांना उत्तर देता येईल.

खरी परीक्षा झाली सप्टेंबरात, बिर्ककारश्पिट्झवर. २७४९ मीटर, आल्प्समधल्या कारवेंडेल या डोंगररांगेतलं सर्वांत उंच शिखर. शार्निट्झ गावाहून दरीतून चालत कारवेंडेलहाउस या डोंगरातल्या मुक्कामाच्या घरी रात्र काढली आणि पहाटे निघालो. तिथून जवळजवळ हजार मीटरचा चढ, बराचसा चुनखडीचा घसारा. सह्याद्रीत घसाऱ्यावर पाय तयार झालेत, तरी इथे दोन पावलं वर गेलं की एक पाऊल खाली यायचं. खिंडीच्या वर कातळाला पोलादी दोर लावलेले आहेत.

खिंडीत पोहोचेपर्यंत गारठ्याने फोन बंद पडला. निघताना तो साठ टक्के होता. यंत्रात लिथियमचे सेल होते, ते शेवटपर्यंत टिकले. सुरुवातीला मी साधे अल्कलाइन वापरायचो, ते थंडीत फार लवकर मान टाकतात. लिथियमचे महाग आहेत, रिचार्जही होत नाहीत, पण उंचावर त्यात काटकसर करू नका.

अचूकतेबद्दल जरा सविस्तर सांगतो. मे २००० मध्ये अमेरिकेने नागरी जीपीएसमधली मुद्दाम घातलेली चूक काढली आणि लगेच ३ मे रोजी ओरेगॉनमध्ये पहिला डबा लपवला गेला. त्याआधी शंभर मीटरपर्यंत चूक निघायची. या माथ्यावर शंभर मीटर बाजूला म्हणजे थेट दरीत! आज उघड्या आकाशाखाली माझं यंत्र तीन-चार मीटरपर्यंत नेतं. पण दोन्ही बाजूंना कडे असले की सिग्नल भिंतींवर आपटून येतो. खालच्या घळीत यंत्राच्या पडद्यावरचा दिशा दाखवणारा बाण चक्क तीस मीटर बाजूला, मोकळ्या हवेत बोट दाखवत होता. बाणाला कडा कळत नाही. तिथे डोळे वाटेवरच्या लाल-पांढऱ्या खुणांवर ठेवायचे आणि यंत्र सरळ खिशात टाकायचं.

माथ्यावर क्रॉसपासून थोडं खाली एक सपाट दगड बाकीच्यांपेक्षा जरा नीट बसवलेला दिसला. उचलला, तर खाली क्लिपचं झाकण असलेला डबा. आत प्लास्टिकच्या पिशवीत लॉगबुक, म्हणजे शोधणाऱ्यांनी नाव लिहायची वही, कडांनी ओलसर. बॉलपेन काही केल्या उमटेना. डब्यातच बोटाएवढी पेन्सिल होती, तिने नाव आणि तारीख लिहिली. ज्याने ती पेन्सिल ठेवली त्याचे मनापासून आभार. त्यानंतर मी प्रत्येक डोंगरावर एक जास्तीची पेन्सिल नेतो.

तक्रारी आहेतच. यंत्रावरची मधली छोटी काडी (जॉयस्टिक) हातमोज्यांनी दाबली की भलताच मेनू उघडतो. सॅकला अडकवायची क्लिप चौथ्या महिन्यात तुटली, तेव्हापासून मी दोरी बांधून गळ्यात घालतो. बॅरोमीटरवर चालणारा उंचीमापक हवा बदलली की भरकटतो, म्हणून मुक्कामी पाटीवरची उंची (कारवेंडेलहाउसला १७७१ मीटर) बघून तो दरवेळी जुळवून घ्यावा लागतो.

शहरातल्या बागांमध्ये कॅश शोधणार असाल तर फोन पुरेसा आहे. दोन हजार मीटरच्या वर मात्र मी आता याच्याशिवाय जात नाही.