इगतपुरीचे दहा दिवस की घरची वीस मिनिटं?

डिचोलीत आम्ही काही जण अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांकडे आळीपाळीने जातो. नवे येणारे विचारतात, आधी इगतपुरीला विपश्यना ध्यानाचं दहा दिवसांचं शिबिर करून यावं की घरीच रोज वीस मिनिटं आनापान, म्हणजे श्वासाकडे लक्ष देण्याचं ध्यान, सुरू करावं?

शिबिराची ताकद मोठी. पहाटे चारला उठणं, मौन, दिवसाला दहाएक तास बैठक. सुरुवातीचे साडेतीन दिवस फक्त श्वास, मग अंगावरच्या संवेदना, शेवटी मैत्रीभावना, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतणं. फी नाही, आधी शिबिर केलेल्यांच्या दानावर ते चालतं. पण एवढी रजा सगळ्यांना कुठून मिळणार?

घरची बैठक उथळ राहू शकते, हे खरं. तरी ती कामाला चिकटून असते. पेज भरवताना आजी तोंड फिरवते, ‘नाका गो’ म्हणत चमचा ढकलते, पेज गाऊनवर सांडते. आपला श्वास आखडतो, जबडा आवळतो. सकाळी बसलेलो असू तर ते वेळीच जाणवतं, हात थांबतो, आणि मग लक्षात येतं की पेज अजून गरम आहे. बाबासाहेबांनी १९५६ साली नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करण्याचीही एक आहे. ती पाळायची जागा मला या खाटेपाशी सापडते.

म्हणून माझा कौल घरच्या बैठकीला, सोबत अशा म्हाताऱ्यांकडे आठवड्याची एक फेरी. शिबिर वर्षभराने करावं. सेवा करून आतून पार थकलेल्यांनी मात्र आधी शिबिरच गाठावं. मानसिक आजारावर औषधं चालू असतील तर अर्जात ते स्पष्ट लिहावं.