लेव्हल 2 एडास: वापरानंतरचा अनुभव, म्हणजे मुख्यतः एका काचेचं प्रकरण

ॲव्हरेज, पिकअप, डिकी यावर सगळीकडे भरपूर लिहून झालंय, ते सोडून देतो. एडास, म्हणजे कॅमेरा-रडारच्या मदतीनं ब्रेक, वेग आणि लेन सांभाळणारी यंत्रणा. अशी नवी एडासवाली गाडी घेणाऱ्याला शोरूममध्ये जे कोणी सांगत नाही ते पुढच्या काचेबद्दल आहे.

सातारा-कऱ्हाड महामार्गावर उंब्रजच्या अलीकडे, सहापदरीकरणाच्या कामावरच्या डंपरची खडी उडून काचेचा टवका गेला. बघता बघता तडा आरशामागच्या कॅमेऱ्याखाली पोचला. एस्टिमेटमध्ये काच, गम, मजुरी आणि सगळ्यात खाली 'एडास कॅलिब्रेशन' (कॅमेऱ्याचा नेम पुन्हा जुळवणं) अशी वेगळी ओळ. विमा कंपनीच्या सर्व्हेअरनं नेमकी तीच ओळ कापली. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, ती ग्राहकानं भरायची. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!

इथं भांडायचं असेल तर कागदावर भांडा. पॉलिसीत काचेवर घसारा शून्य असतो. झिरो डेप (घसारा न कापणारं ॲड-ऑन) नसलं तरी घसाऱ्यापोटी काचेचे पैसे कापता येत नाहीत. सक्तीची वजावट, म्हणजे दर क्लेमला आपण भरायची रक्कम, तेवढी कापतात: 1500 सीसीपर्यंत 1000 रुपये, त्यापुढे 2000. मालकाच्या मॅन्युअलमध्ये 'काच बदलल्यावर कॅमेरा कॅलिब्रेट करा' असं लिहिलेलं पान बहुधा असतं. त्याचा फोटो ईमेलला जोडून लिहायचं, की या कामाशिवाय गाडी पूर्ववत होत नाही, म्हणून तो दुरुस्तीचाच खर्च आहे. ओळ परत आली. तोंडी हुज्जत घालून आली नसती. आणि हे सगळं काम सुरू होण्याआधी करायचं. गाडी जोडून झाल्यावर कोणी ऐकत नाही.

कॅलिब्रेशन म्हणजे पैसे काढायचा धंदा, असं माझं सुरुवातीचं मत होतं. ते आकडेमोडीनं बदललं. कॅमेरा काचेतून बघतो. त्याचा कोन 1 अंशानं चुकला तर 50 मीटरवर 87 सेंटिमीटरचा आणि 100 मीटरवर पावणेदोन मीटरचा फरक पडतो. आपली लेन साडेतीन मीटरची. म्हणजे शेजारच्या लेनमधली एसटी गाडीला आपल्या समोर दिसणार, नाहीतर समोरची दिसणारच नाही. आपोआप लागणारा ब्रेक या कोनावर अवलंबून आहे. तेव्हा धंदा कॅलिब्रेशनमध्ये नाही, ते अर्धवट करण्यात आहे.

नीट करायचं तर आधी काच बघा: कॅमेऱ्याचा ब्रॅकेट असलेलीच हवी, त्याच मॉडेलची बिनकॅमेऱ्याची चालत नाही. गम वाळायला त्याच्या डब्यावर लिहिलेला वेळ द्यायचा, तोवर एक खिडकी बोटभर उघडी ठेवायची. बंद गाडीचं दार आपटलं की आतली हवा ओली काच बाहेर ढकलते. मग टायरची हवा, मग व्हील अलाइनमेंट, आणि कॅलिब्रेशन शेवटी. उलट्या क्रमानं केलं तर गाडीची सरळ रेषाच नंतर बदलते आणि पैसे पाण्यात. डिकी रिकामी हवी, जमीन सपाट हवी. कॅमेऱ्याला दाखवायच्या टार्गेट बोर्डचं अंतर टेपनं मोजतायत की अंदाजानं, हे उभं राहून बघा. स्प्रिंगखाली पॅकिंग टाकून गाडी उचललेली असेल तर कॅमेऱ्याची उंची बदललेलीच आहे.

काही गाड्यांत हे रस्त्यावर चालवून करतात, आणि तिथं खरी गंमत आहे. ठरावीक वेगात, दोन्ही बाजूंचे स्वच्छ पट्टे दिसत राहिले पाहिजेत. सातारा-कऱ्हाडच्या वळणरस्त्यांवर जुने पट्टे एकीकडे, बॅरिकेड दुसरीकडे. मेकॅनिक लॅपटॉप मांडीवर घेऊन बसतो आणि टक्केवारी पुढं सरकत नाही. पट्टे शाबूत असलेला तुकडा आधीच हेरून ठेवा, उजाडल्यावर पण रहदारी वाढायच्या आत जा.

आता तुलनेला जुन्या मारुती 800 ची काच. 1983 ते 2014 चाललेली ही 796 सीसीची गाडी. काच रबरी बीडिंगमध्ये बसते. बीडिंग काचेवर चढवायचं, त्याच्या खाचेत साबणाचं पाणी लावून सुतळी फिरवायची, दोन्ही टोकं आत सोडायची. एकानं बाहेरून तळव्यानं दाबायचं, दुसऱ्यानं आतून सुतळी ओढत जायची. रबराची कड पत्र्यावर आपोआप उलटते. तासाभराचं काम, लॅपटॉप नाही, सर्व्हेअर नाही. फक्त जुनं बीडिंग परत वापरू नका. कडक झालेल्या कोपऱ्यातून पाणी डॅशबोर्डमागून फ्लोअरवर उतरतं आणि पत्रा सडतो. अर्थात धडक बसली तर 800 मध्ये ना एअरबॅग ना एबीएस, हेही तितकंच खरं.

बाकी एडासचं थोडक्यात. 'गाडी स्वतः चालते' हे सेल्समनचं बोलणं. गाडी किती आपोआप चालते याच्या लेव्हल 0 ते 5 मध्ये 2 म्हणजे जबाबदार तुम्हीच. बिनड्रायव्हरची वेमो टॅक्सी लायडार (लेझरनं अंतर मोजणारा सेन्सर), रडार, कॅमेरे आणि बारीक नकाशे घेऊन ठरावीक शहरांत फिरते. माझ्या गाडीत एक कॅमेरा आणि बंपरमागचं रडार. शेंद्रे ते नागठाणे मोकळ्या रस्त्यावर क्रूझ (पुढच्या गाडीप्रमाणे वेग आपोआप राखणारी सोय) झकास. खंबाटकीच्या जुन्या घाटात बंद ठेवा: वळणावर पुढची गाडी रडारच्या टप्प्याबाहेर जाते आणि आपली गाडी रस्ता मोकळा समजून वेग घेते. लेन असिस्ट रस्त्याचं काम संपेपर्यंत बंदच बरा, तो पुसलेल्या पट्ट्याकडे स्टिअरिंग ओढतो. उसाच्या हंगामात रात्री तर यातल्या कशावरच भरवसा नको. उभ्या वस्तू रडार बऱ्याचदा गाळून टाकतं, नाहीतर प्रत्येक पाटीला ब्रेक लागेल. कॅमेरा ओळखीचा आकार शोधतो. बिनलाईटची, दोन्ही बाजूंनी ऊस लोंबणारी ट्रॉली त्याच्या ओळखीची नसते. ब्लाइंड स्पॉटचा दिवा मात्र कायम चालू, तो पैसे वसूल करतो.

टवका नाण्याहून लहान आणि कॅमेऱ्यासमोर नसेल तर लगेच पारदर्शक टेप लावा, धूळ-पाणी जाऊ देऊ नका, राळ भरून घ्या. सांगलीच्या एप्रिलमध्ये तापलेल्या काचेवर एसीचा गार झोत सोडलात की तडा पळालाच. वरची काळी पट्टी आणि देवाचं स्टिकर कॅमेऱ्यापासून लांब.

नो क्लेम बोनस गेला तो गेलाच. पुढच्या पॉलिसीत बोनस वाचवणारं ॲड-ऑन घेतलंय. डंपर काही इतक्यात कमी होत नाहीत.